फौजी जवानांना सांबो शिकवायला जाताय? आधी हे वाचा

पहिल्या दिवशी बत्तीस जवान फॉलिन झाले होते. दुसऱ्या दिवशी एकोणीस आले. तिसऱ्या दिवशी सव्वीस, पण त्यातले अकरा चेहरे मी आधी पाहिलेच नव्हते. माझ्या वहीत चोवीस तासिकांचा आराखडा होता. कालचं आलं तरच आजचं जमेल, अशी एकावर एक रचलेली उतरंड. चौथ्या दिवशी मी ती वही पिशवीत टाकली आणि पुन्हा बाहेर काढली नाही.

मी लाल मातीत वाढलेला, पुढे ज्युडोत गेलेला साधा सिव्हिलियन माणूस. एका रशियन प्रशिक्षकाच्या शिबिरात सांबो ही रशियन कुस्ती शिकलो, मग काही वर्षं घासलं, आणि एका छावणीतल्या युनिटने दोनदा, सहा-सहा आठवड्यांसाठी बोलावलं. पहिल्या खेपेला इतक्या चुका केल्या की दुसऱ्या खेपेला पुन्हा कसं बोलावलं याचंच नवल वाटतं. कुस्ती-ज्युडोतले बरेच जण आता या वाटेला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

## १. नक्की काय शिकवणार, ते एका ओळीत लिहून काढा

‘रशियन मार्शल आर्ट’ म्हटलं की समोरचा साहेब एक समजतो, तुम्ही दुसरं, आणि यूट्यूब पाहून आलेला जवान तिसरंच. या नावाखाली निदान चार गोष्टी येतात.

क्रीडा सांबो म्हणजे जाकीट धरून कुस्ती. फेकणं, जमिनीवर दाबून धरणं, हाताचे आणि पायाचे पेच. गळा आवळायला परवानगी नाही. कॉम्बॅट सांबोत याच्या जोडीला ठोसे, लाथा आणि गळ्याचे पेचही येतात. त्यामुळे हेल्मेट, हातमोजे, नडगीची पॅडं लागतात. खबीब नुर्मागोमेदोव २००९ आणि २०१० मध्ये जगज्जेता झाला तो यातच. वर्गातल्या निम्म्या पोरांना सांबो माहीत असतं ते याच माणसामुळे, त्यामुळे हे नाव तयार ठेवा.

तिसरा प्रकार रशियन सैन्याचा स्वतःचा, ‘आर्मेस्की रुकोपाश्नी बोय’, सैन्याची हातघाईची लढत. त्याची पहिली स्पर्धा १९७९ मध्ये सोविएत हवाई छत्री दलाने लिथुआनियातल्या कौनासला भरवली. सांबोपासून तो वेगळा खेळ आहे. आणि चौथा प्रकार सिस्टेमा: मिखाईल र्‍याब्को आणि त्यांचे शिष्य व्लादिमिर वासिलिएव यांनी जगभर नेलेला. वासिलिएवनी १९९३ मध्ये टोरांटोत शाळा काढली. श्वास, सैलपणा, ताठ कणा आणि हालचाल यांवर त्यांचा भर. त्यात स्पर्धा नाही, म्हणून डाव खरोखर लागतो की जोडीदार मदत करतोय, हे तपासायची सोय नाही. माझं मत विचाराल तर सिस्टेमाचा श्वास घ्या, बाकीचं राहू द्या. दमलेल्या जवानाला नाकाने आत, तोंडाने बाहेर असा श्वास लावून दोन मिनिटांत ठिकाणावर आणता येतं, हे मी रोज वापरलंय.

मी शिकवलं ते क्रीडा सांबो, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत कॉम्बॅटची थोडी चव. तुम्हीही कागदावर तेवढंच लिहा. ‘केजीबीची गुप्त विद्या’, ‘स्पेट्सनाझ (रशियन विशेष दलाची) पद्धत’ असले शब्द चुकूनही वापरू नका. ज्यांचा धंदाच लढाई आहे त्यांच्यासमोर असली फुशारकी पहिल्या दहा मिनिटांत उघडी पडते.

इतिहास मात्र सांगा, कारण तो या मंडळींचाच आहे. सांबो हा शब्द ‘शस्त्राविना स्वसंरक्षण’ या अर्थाच्या रशियन शब्दांचं लघुरूप. मुळाशी दोन माणसं. विक्तोर स्पिरिदोनोव पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेला अधिकारी, पुढे दिनामो संस्थेत पोलिसांना आणि सुरक्षा दलाला शिकवायचा. वासिली ओशेप्कोव साखालिन बेटावरचा, टोकियोच्या कोदोकानमध्ये ज्युडो शिकून १९१३ मध्ये ब्लॅक बेल्ट झालेला. तो लाल सैन्याला शिकवू लागला. १९३७ मध्ये जपानचा हेर म्हणून त्याला अटक झाली आणि थोड्याच दिवसांत तो तुरुंगात वारला. १६ नोव्हेंबर १९३८ला सोविएत सरकारने या कुस्तीला मान्यता दिली तेव्हा त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, पुढे आला तो त्याचा शिष्य अनातोली खार्लाम्पिएव. मी हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतला, नायक हुद्द्याचा एक जवान हळूच म्हणाला, “उस्ताद, मतलब सिखाया उसने और मेडल किसी और को.” सगळी रांग हसली. त्यांना हे नवीन नव्हतं.

## २. कागद

तोंडी बोलावण्यावर जाऊ नका. ज्या साहेबाने बोलावलं त्याची महिन्याभरात बदली होते आणि गेटवरचा संतरी तुम्हाला ओळखत नाही. जवळ ठेवा:

- युनिटचं लेखी पत्र: तारखा, वेळ, जागा, मानधन, आणि दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची हे स्पष्ट
- ओळखपत्राच्या आणि पत्त्याच्या पुराव्याच्या प्रती, चार-पाच फोटो
- पोलीस पडताळणीचा दाखला. याला वेळ लागतो, सगळ्यात आधी अर्ज करा
- तुमची प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्रं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र
- तुमचा स्वतःचा अपघात विमा
- गाडी नेणार असाल तर तिचे कागद

फोन गेटवर जमा होतो हे गृहीत धरा. त्यामुळे फोनमधले व्हिडिओ दाखवू, स्टॉपवॉच फोनवर लावू, असले बेत करू नका. मी पहिल्या दिवशी वेळ मोजायला काहीच नसताना उभा होतो. दुसऱ्या दिवशी साधं मनगटी घड्याळ आणि शिट्टी नेली. फोटो तर मागूही नका, आणि वर्ग झाल्यावर कोणत्या युनिटला शिकवलं हे समाजमाध्यमांवर मिरवू नका.

## ३. सामान

सांबोचं जाकीट म्हणजे कुर्त्का. खांद्यावर कापडी ‘पंख’, कमरेला पट्टा ओवायच्या फटी. त्यामुळे ओढाताणीत ते ज्युडोच्या जाकिटासारखं सुटून येत नाही. लाल किंवा निळं, खाली त्याच रंगाची चड्डी, पायात मऊ चामड्याचे सांबोचे बूट. जवान पहिल्याच दिवशी त्याला ‘कुर्ता’ म्हणू लागले, मीही पुढे तेच म्हणू लागलो.

तीस कुर्त्का कोणी देणार नाही. दहा-बारा मिळाल्या तरी निम्मा वर्ग जाकिटात आणि निम्मा बाजूला व्यायामात, अशी अदलाबदल चालते. ज्युडोची जुनी जाकिटं सरावाला चालतात. कुस्तीचे बूट चालतात. तोंडातलं गार्ड आणि जांघेचं गार्ड मात्र ज्याचं त्याचं.

पावसाळ्यात ही जाकिटं तीन-तीन दिवस वाळत नाहीत. ओली जाकिटं एकमेकांच्या अंगावर फिरली की आठवड्यात नायटा पसरतो, आणि बरॅकमध्ये चाळीस खाटा शेजारी-शेजारी असतात. माझ्या पहिल्या वर्गात नेमकं हेच झालं. तेव्हापासून वर्गाआधी नखं तपासणं, वर्गानंतर मॅट जंतुनाशकाने पुसणं आणि अंगावर चट्टा असेल त्याला बाहेर बसवणं, हे मी न चुकता करतो. जवान याला हसत नाहीत, त्यांना तपासणीची सवय असते.

## ४. जागा, वेळ आणि सीएचएम

मॅट कुस्तीची असली तरी चालते. स्पर्धेचं वर्तुळ सहा ते नऊ मीटर व्यासाचं असतं. सरावाला एवढ्यात चारच जोड्या घ्या. पाचवी जोडी घातली की कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पडतं.

तुम्हाला सांगतील एक तास. हाजिरी, मोजणी आणि कपडे बदलणं धरून हातात चाळीस मिनिटं येतात. आणि माणसं रोज बदलतात: गार्ड ड्युटी, सुट्टी, कोर्स, फायरिंग. म्हणून प्रत्येक तासिका स्वतःच्या पायावर उभी राहील अशी करा. एक पडणं, एक फेक, तिचा एक पाठपुरावा, शेवटी दोन मिनिटं झटापट. कालचा कोणी नसला तरी अडू नये.

ड्युटीची यादी कंपनी हवालदार मेजर, म्हणजे सीएचएम, करतो. सीओ साहेबांशी (युनिटच्या प्रमुखांशी) ओळख असून तुमचा वर्ग भरत नाही, सीएचएमशी असली तर भरतो. त्यांच्याबरोबर पहिला चहा घ्या आणि एकच विनंती करा: निदान आठ जण सहा आठवडे कायम द्या. हे आठ म्हणजे तुमचा कणा. नवा आला की त्याला यांच्यापैकी एकाच्या हाती द्यायचं.

रोज पहिला प्रश्न: “रात को ड्यूटी किसकी थी?” हात वर करतील त्यांना झटापटीतून वगळा. न झोपलेला माणूस उशिरा हलतो आणि हाडं तिथेच मोडतात.

## ५. पहिला आठवडा: फक्त पडायचं

रशियन भाषेत पडण्याच्या कसबाला ‘सामोस्त्राखोव्का’ म्हणतात. त्यातल्या ‘स्त्राखोव्का’चा अर्थ विमा. स्वतःचा स्वतः उतरवलेला विमा. हप्ता रोज भरायचा.

इथे कुस्तीवाली पोरं सगळ्यात अडचणीची ठरतात, हे मला फार उशिरा कळलं. सातारा-कोल्हापूरकडचा, हरियाणाचा जो पोरगा मातीत वाढला, त्याच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते: पाठ लागली की हरलो. म्हणून फेकला गेला की तो हवेत वळतो आणि हात टेकून पाठ वाचवतो. मातीत ते खपतं. मॅटवर, जाकीट धरून जोरात फेकल्यावर, सगळं वजन त्या एका तळहातावर येतं. मनगट, कोपर, नाहीतर गळ्याजवळचं हाड, तिघांपैकी एक जातं.

त्यांना सांगावं लागतं की इथे पाठ लागू द्यायची. उकिडवं बसून सुरुवात. हनुवटी छातीला, डोकं मॅटला लागता कामा नये. मागे लोळताना दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर, तळवे खाली, पाठ टेकताच मॅटवर फाडकन आपटायचे. कोपर आधी टेकलं की चूक. मग उभ्याने, मग बाजूवर, मग जोडीदाराच्या हातून. आवाजावरून मला पाठ करूनही कळतं कोण नीट पडलं: सगळ्या हाताचा आवाज ‘फट्’ येतो, कोपराचा ‘ठक्’.

आठवडा यातच जातो. जवान कंटाळतात, ‘उस्ताद, कुछ सिखाओ’ सुरू होतं. ऐकू नका.

## ६. डाव त्यांच्या भाषेत सांगा

खार्लाम्पिएव आणि त्याच्या सोबत्यांनी जॉर्जियाची चिदाओबा, उझबेकांची कुराश, तातारांची कुरेश अशा गावोगावच्या कुस्त्यांमधून डाव गोळा केले होते. मग आपल्या कुस्तीचा आधार घ्यायला लाज कसली? ‘मेल्नित्सा’ म्हणजे पवनचक्की, असं सांगून मी हातवारे करत होतो. एका कोल्हापूरकराने पाहिलं आणि म्हणाला, “ही तर कलाजंग.” तीच. खांद्यावरून फेकायचा डाव धोबीपछाड, कमरेवरून टाकायचा ढाकेच्या जवळचा. नवीन शिकवायचं ते दोनच: जाकिटाची पकड आणि पाय खेचून झाडणं, म्हणजे ‘पोदसेच्का’.

एक फरक मात्र ठसवा. सांबोत तुम्ही स्वतः उभे राहून समोरच्याला सरळ पाठीवर आपटलंत तर लढत तिथेच जिंकली. त्याच्याबरोबर तुम्हीही पडलात तर फक्त गुण. फौजी माणसाला हा नियम लगेच पटतो: फेकायचं आणि पायावर राहायचं, कारण दुसरा कोणीतरी असू शकतो. मी प्रत्येक फेकीनंतर एक पाऊल मागे आणि मान फिरवून दोन्हीकडे नजर, एवढं सक्तीचं केलं.

## ७. पायाचे पेच, आणि थाप

मराठीत थाप मारणं वाईट. इथे थाप मारलीच पाहिजे. पेच बसला की जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा हात आपटायचा, हात अडकले असतील तर ओरडायचं.

फौजेत हे सगळ्यात अवघड. तिथे सहन करणं हाच गुण समजला जातो. पहिल्या वर्गात एका सुभेदार साहेबांच्या टाचेमागच्या शिरेवर एका पोराने पेच लावला. साहेब हसत होते, डोळ्यांत पाणी होतं, हात मात्र हलत नव्हता. पोरगा घाबरला: सोडावं तर डाव अर्धवट, दाबावं तर साहेब. मी जाऊन सोडवलं.

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट मला सोडवता आली नाही. एका तरुण जवानाच्या गुडघ्यावर सरळ पेच होता. मी दुसऱ्या जोडीकडे पाहत होतो. त्याने थाप मारली नाही. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. एमआय रूम (युनिटचा दवाखाना), मग हॉस्पिटल. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत होता, ती वैद्यकीय कॅटेगरी उतरली, आणि पुढच्या महिन्यातला कोर्स हुकला. सिव्हिलमध्ये गुडघा दुखावला तर माणूस लंगडतो. तिथे त्याच्याबरोबर कोर्स आणि बढतीही लंगडते. चूक त्याची कमी, माझी जास्त: पडणंही धड न आलेल्यांना मी दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याचा पेच दाखवला होता.

त्यानंतरचे माझे नियम:

- पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मीच थाप मारतो. सगळ्यात ज्युनियर पोराला बोलावतो, माझा पाय त्याच्या हाती देतो, आणि दुखायच्या आधीच मोठ्याने आपटतो. उस्तादच मारतोय म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपते.
- पहिले तीन आठवडे पायाचा एकही पेच नाही. चौथ्यात फक्त टाचेमागच्या शिरेचा. गुडघ्याचा शेवटी, तोही संथ, झटापटीत नाही.
- टाच धरून पाऊल पिळायचं नाही. क्रीडा सांबोत त्याला बंदीच आहे, आणि यात दुखायच्या आधी गुडघा जातो.
- थापेची वाट पेच लावणाऱ्यानेही पाहायची नाही. पेच बसला की तीन मोजायचं आणि सोडायचं.
- पेचांच्या सरावात जोड्या हुद्द्याने बरोबरीच्या. साहेबांची जोडी माझ्याबरोबर.
- ज्यांची कॅटेगरी आधीच खाली आहे त्यांची यादी एमआय रूमकडून पहिल्याच दिवशी मागायची. जवान स्वतः सांगत नाही.

## ८. वर्दीत, बुटात, रायफलसह

चड्डी-जाकिटात आलेला डाव वर्दीत येईलच असं नाही. पाचव्या आठवड्यात जुनी वर्दी आणि बूट घालून मॅटबाहेर, गवतावर या. दोन गोष्टी लगेच कळतात: वर्दीची कॉलर धरली तर फाटते, म्हणून पकड काखेखालच्या कापडाला किंवा पट्ट्याला. आणि जड बुटात पाय झाडणं अर्धंच जमतं, कमरेवरची फेक मात्र सुरेख लागते. पाठीवर पिट्टू (सामानाची पिशवी) असेल तर मागे पडायची पद्धतच बदलते. हनुवटी आत, पण बाजूवर लोळायचं.

रायफलीचा सराव लाकडी किंवा रबरी रायफलनेच. “उस्ताद, खाली है” म्हणून कोणी खरी दिली तर हात लावू नका, कोतमध्ये (शस्त्रागारात) परत पाठवा. तुमचा विषय एवढाच: कोणी नळी पकडली तर ओढाताण न करता त्याच्या दिशेने पाऊल टाकून कमरेवर घ्यायचं. पुढचं त्यांना तुमच्याहून चांगलं येतं.

## ९. चाकूचा प्रश्न येणारच

दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच. उत्तर देण्याऐवजी फळ्यावरचा लाल मार्कर घ्या, एकाला पांढऱ्या बनियनवर उभं करा, दुसऱ्याला मार्कर द्या आणि वीस सेकंद मोजा. आमच्याकडे एका तगड्या लान्सनायकाने हात दोनदा पकडला, अगदी छान पकडला. बनियनवर अकरा रेघा निघाल्या, त्यातल्या तीन गळ्याजवळ. तो बराच वेळ बनियन ताणून रेघा मोजत राहिला. त्यानंतर चाकू हिसकावून घ्यायचे डाव कोणी मागितले नाहीत. अंतर ठेवणं, हाताला येईल ते मध्ये घालणं आणि निसटणं, एवढंच मी शिकवलं.

## १०. शेवटचा आठवडा

परीक्षा घ्या, पण पदकांची नको. पाच मिनिटांच्या लढती, पायाचे पेच बंद, आणि पंच म्हणून तुमचे कायमचे आठ जण. त्यांच्यातले दोघं निवडा, शक्यतो युनिटचे पीटी उस्ताद. पडण्याचा क्रम, सहा फेका आणि थापेचे नियम हिंदीत हाताने लिहिलेली वही त्यांना द्या. तुम्ही गेल्यावर वर्ग चालला तर यांच्याच जिवावर चालेल.

मानधनाचं बिल शेवटच्या दिवशीच द्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. आणि जाकिटं मोजून घ्या. दोन्ही खेपांना माझी एक-एक कमी भरली. दुसरी कुठे गेली ते मला ठाऊक आहे. सुट्टीवर निघालेल्या एका पोराच्या बॅगेतून निळी बाही डोकावत होती, आणि मी मोजणी एकने वाढवून लिहिली.